नोकरी शोधण्यालाही सुट्टी असावी

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचे, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या एचओसीचे, एक सोडून सगळे प्लांट बंद करायला मंजुरी दिली. अग्निबाणाला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारा तेवढा एक प्लांट इस्रोकडे द्यायचं ठरलं. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकायचा होता. १९६० साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीच्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. मोहोपाडा-रसायनी परिसरात हा विषय निघाला की बोलणं पैशांवरून सुरू होतं: किती मिळाले, कशात घातले, किती उरले. थोड्या वेळाने ते दुसऱ्याच गोष्टीवर येतं. सकाळी उठून जायचं कुठे?

रसायनी-खोपोली-कर्जतच्या या पट्ट्याला कारखाना नवा नाही आणि कारखान्याचं बंद पडणंही नवं नाही. खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र १९१५ पासून आहे, भिवपुरीचं त्यानंतर काही वर्षांनी आलं. पुढे कागद, पोलाद, पाइप, औषधं, पाताळगंगेची एमआयडीसी अशी एकेक भर पडत गेली. एखादी कंपनी बसली की माणसं दुसरीकडे लागायची, निदान ठेकेदाराकडे तरी. गेल्या काही वर्षांत त्यात एक वेगळा वर्ग आला आहे. ठाणे-डोंबिवलीत घर परवडत नाही म्हणून नेरळ, भिवपुरी, कर्जतला फ्लॅट घेतलेली तिशी-पस्तिशीतली जोडपी. नोकरी ऐरोलीला, महापेला किंवा पवईला, आणि घराचा हप्ता वीस वर्षांचा. त्यांना कामावरून कमी करतात तेव्हा गेटवर टाळं दिसत नाही, घोषणाही होत नाहीत. सकाळी एक मीटिंग लागते आणि दुपारी लॅपटॉप परत मागतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये काय घडलं ते मजल्यावर महिनाभर कोणाला कळत नाही.

दोघांची दुखणी वेगळी दिसतात, पण थकवा एकाच जातीचा आहे. तो समजून घ्यायला ऑस्ट्रियातल्या एका गावाची मदत होते. व्हिएन्नाजवळचं मारिएन्थाल हे एका कापड गिरणीवर उभं असलेलं गाव. १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइसेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि १९३३ साली त्यांनी आपला अभ्यास छापला. बेकार माणसं चिडतील, बंड करतील असा तेव्हाचा समज होता. त्यांना दिसलं ते उलट. हातात सगळा दिवस मोकळा, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. रस्त्यावरून पुरुष रेंगाळत चालायचे, दर थोड्या अंतरावर थांबायचे. दिवसभर काय केलं, असं विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. बायका मात्र भरभर चालत होत्या, कारण घरातलं काम तसूभरही कमी झालं नव्हतं.

पुढे याहोडा यांनी त्यातून एक विचार मांडला आणि तो मला आजही सगळ्यात पटतो. नोकरी पगार देते हे उघडच आहे. त्याखेरीज ती दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. नोकरी जाते तेव्हा हे सगळं एका दिवसात जातं. कर्जतकराला हे वेगळं समजवायला नको. ज्याचं आयुष्य सीएसएमटीच्या लोकलवर बेतलेलं आहे, कोणत्या गाडीला निघायचं, कोणत्या डब्यात चढायचं, बदलापूरच्या गर्दीआधी कुठे बसायचं, कोण जागा धरणार, त्याचा ग्रुपही त्याच दिवशी सुटतो. दोन-सव्वादोन तासांच्या ज्या प्रवासाला रोज शिव्या दिल्या, त्याच प्रवासात त्याचे मित्र होते.

आता या रिकाम्या दिवसात नोकरीचा शोध येऊन बसतो आणि तो सगळा दिवस खातो. ‘बर्नआउट’ हा शब्द १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरात आणला, तो कामाने पिचून गेलेल्या माणसांसाठी. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची व्याख्या कामाच्या जागेपुरतीच ठेवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात अढी बसणं आणि आपल्याच्याने काही होत नाही अशी भावना. म्हणजे कागदोपत्री बेकार माणसाला बर्नआउट होऊच शकत नाही. पण नोकरी शोधणं हेही कामच आहे. त्याला पगार नाही, साहेब नाही, सुट्टी नाही आणि किती केलं म्हणजे पुरे झालं याचं माप नाही. कारखान्यात शिफ्ट सुटल्याचा भोंगा होतो, शोधात तो कधीच होत नाही. म्हणून रात्री अडीचला जाग आली की हात उशाखालच्या मोबाइलकडे जातो. अर्ज कुणी उघडला का? नवी जागा आली का? दहापैकी नऊ वेळा काही नसतं आणि दहाव्या वेळी एखादा निरोप असतो. त्या एका निरोपासाठी माणूस पुढच्या शंभर वेळा फोन पाहतो. नकारापेक्षा उत्तर न येणं जास्त झिजवतं, कारण नकारानंतर निदान त्या जागेचा नाद सुटतो.

या थकव्याची मुळं बरीचशी पैशांत असतात, म्हणून ‘सकारात्मक राहा’ असं सांगण्याआधी हिशेबाबद्दल बोललं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीने ‘राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ म्हटलं तर तिथल्या तिथे सही करू नका. राजीनामा दिला की ती कामगार कपात राहत नाही आणि भरपाईचा दावा लुळा पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आणि कामावरून काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत उरलेलं वेतन, अशी तरतूद आहे. नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत खात्यात जमा व्हावी, असंही त्यात आहे. व्यवस्थापकांना आणि महिना १८ हजारांवर पगार असलेल्या सुपरवायझरना यातलं कपातीचं संरक्षण मिळत नाही, तेव्हा आपण कोणत्या रकान्यात बसतो हे आधी पाहावं.

ज्यांचा ईएसआय कापला जात होता, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. त्यात सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळते, तीही आयुष्यात एकदाच. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना किंवा गैरवर्तनावरून काढलेल्यांना ती मिळत नाही. या योजनेची मुदत सरकार टप्प्याटप्प्याने वाढवत आलं आहे, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखेत चौकशी करा. हे सगळे पैसे मिळून थोडेच होतात हे मला माहीत आहे. पण तीन महिन्यांचा किराणा आणि हप्ता कागदावर मांडता आला की मिळेल ती नोकरी धरण्याची घाई कमी होते. घाईतच माणूस ‘लावतो तुला कंपनीत, पंधरा हजार दे’ म्हणणाऱ्याच्या हाती लागतो. नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. ऑनलाइन दिले गेलेच, तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

हिशेब लागला की शोधाला वेळ बांधून द्यावी. सकाळी दहा ते दुपारी एक म्हणजे दहा ते एक. त्यात अर्ज, फोन, बायोडेटाची दुरुस्ती, ओळखीच्या लोकांना निरोप. एकनंतर नोकरीचे ॲप उघडायचे नाहीत. इंटरव्ह्यूचा फोन आला तर तो येईलच, त्यासाठी स्क्रीनवर नजर लावून बसावं लागत नाही. रविवार पूर्ण सुट्टी. यातून अर्ज कमी जातील अशी भीती वाटते, पण चौथ्या-पाचव्या तासाला पाठवलेले अर्ज बहुतेक एकाच मजकुराचे असतात आणि ते पाठवणाऱ्यालाही पटलेले नसतात. रोजच्या वहीत किती ठिकाणी अर्ज केले, कुणाशी बोललो, काय शिकलो एवढं लिहावं. नोकरी मिळणं आपल्या हातात नसतं, तीन फोन करणं असतं. दिवसाचं माप त्या फोनवरून घ्यावं.

कर्जत-खोपोलीकरांसाठी यात प्रवासाचा भाग वेगळा आहे. पवईच्या इंटरव्ह्यूसाठी पहाटे निघून रात्री परतणं म्हणजे अख्खा दिवस आणि घरी आल्यावर पुढच्या दिवसाचाही निम्मा. शक्य असेल तिथे पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्यायची विनंती जरूर करावी. आजकाल कंपन्या ती सहसा मानतात. लागोपाठ दोन दिवस दूरच्या भेटी ठेवू नयेत. आणि शोधाच्या यादीत पाताळगंगा, खालापूर, पनवेल, तळोजा हे आधी असावेत. पगार थोडा कमी असला तरी रोजचे चार तास वाचतात आणि त्या तासांची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

मिशिगन विद्यापीठात १९८०च्या दशकात ‘जॉब्स’ नावाचा एक कार्यक्रम आखला गेला. नोकरी गेलेल्यांनी लहान गटात बसायचं, इंटरव्ह्यूचा सराव करायचा आणि नकार आला तर काय करायचं याची तालीम आधीच करून ठेवायची. गटात आलेल्यांना एकेकट्याने शोधणाऱ्यांपेक्षा बरं काम लवकर मिळालं आणि त्यांच्यात नैराश्यही कमी दिसलं. फिनलंडनेही तो कार्यक्रम उचलला. अमेरिकेत १९९४ साली छापलेल्या आणखी एका अभ्यासात कामावरून काढलेल्या अभियंत्यांना सलग काही दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याचं दुःख आणि राग मोकळेपणाने लिहून काढायला सांगितलं होतं. काही महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्यापैकी जास्त जण पुन्हा कामाला लागले होते. अर्ज त्यांनी काही जास्त केले नव्हते. मनात साठलेला राग इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बाहेर पडला नाही, एवढंच, असं संशोधकांना वाटलं. आपल्याकडे पुरुष हे लिहीत नाहीत आणि बोलत तर मुळीच नाहीत. माझ्या मते आपला अर्धा थकवा या गप्प बसण्याचा आहे.

घरातल्या माणसांचंही ऐकावं लागेल. ‘घरी बसलाय’ हे दोन शब्द आपल्याकडे फार सहज वापरले जातात. संध्याकाळी ‘काय झालं का?’ असा प्रश्न रोज आला की माणूस घरी यायचं टाळतो. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस ठरवून दोघांनी बसावं, वही आणि खर्च पाहावा आणि इतर सहा दिवस तो विषय काढू नये. ज्यांच्याकडे भाताचं रान आहे त्यांनी आवणीच्या दिवसांत लाज न बाळगता चिखलात उतरावं. नोकरी शोधणारा शेतावर दिसला म्हणजे त्याने हाय खाल्ली, असा अर्थ कुणी लावू नये. बाईची नोकरी गेली असेल, तर ‘आता घरी आहेसच’ म्हणून सगळं घरकाम तिच्यावर टाकू नये. दहा ते एक ही वेळ तिलाही मिळाली पाहिजे, दार लावून.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक मेली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर तो बर्नआउटच्या पुढचा मामला आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

कर्जत आणि खोपोलीच्या नगरपरिषदांकडे, आणि मोहोपाड्याच्या ग्रामपंचायतीकडेही, एक मागणी करावीशी वाटते. आपापल्या वाचनालयात सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक, नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक मोठं टेबल, वायफाय आणि प्रिंटर द्या. ईएसआय, पीएफ, कामगार कायदा हे जाणणारा एखादा निवृत्त माणूस आठवड्यातून एकदा तिथे बसवा. असे निवृत्त कामगार आणि युनियनमध्ये काम केलेले लोक कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत भरपूर आहेत, आणि बोलावलं तर ते येतील.