रिकाम्या चिपचा वेग
फ्लॅशची फाइलसिस्टम : भाग ९

ऐन लिखाणाच्या मध्ये वीज गेली तर फाइलसिस्टम काय करते, हे या भागात यायचे होते. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण एका वाचकाच्या प्रश्नाला पूर्ण भाग द्यावा असे वाटले. प्रश्न असा : नव्या बोर्डावर लिहिण्याचा वेग मोजला, तो उत्तम आला. काही महिने वापरून झाल्यावर त्याच बोर्डावर, त्याच आज्ञेने पुन्हा मोजला तर तो कितीतरी खाली आला. चिप खराब झाली, की पहिली मोजणी चुकली? माझे उत्तर आहे की चिप बहुधा ठणठणीत आहे आणि दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पण पहिल्या मोजणीत फाइलसिस्टमचे खरे काम सुरूच झाले नव्हते. रिकाम्या फ्लॅशवर मोजलेला लेखनवेग पुढे कुठल्याही निर्णयासाठी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे आज सविस्तर मांडतो.

सुरुवात डेटाशीटपासून करू, म्हणजे फाइलसिस्टमला दोष देण्याआधी चिपचा हिशेब स्पष्ट होईल. लहान उपकरणांत सर्रास दिसणारी विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८ ही सिरियल नॉर चिप घ्या. २५६ बाइटचे एक पेज लिहायला तिला सामान्यतः ०.७ मिलिसेकंद लागतात, आणि ४ किलोबाइटचा सेक्टर पुसायला ४५ मिलिसेकंद. सगळे सेक्टर आधीच पुसलेले असतील, तर फक्त पेजे लिहीत जायचे असते आणि वेग सेकंदाला सुमारे ३५७ किलोबाइट पडतो. पण लिहिण्याआधी सेक्टर पुसावा लागला, तर सोळा पेजांचे ११.२ आणि पुसण्याचे ४५ असे ५६.२ मिलिसेकंद ४ किलोबाइटसाठी खर्च होतात. वेग सेकंदाला ७१ किलोबाइटवर येतो, म्हणजे थेट एक-पंचमांश. त्याच डेटाशीटमध्ये कमाल मर्यादाही दिलेल्या असतात : पेजला ३ मिलिसेकंद, सेक्टरला ४००. त्या धरल्या तर सेकंदाला जेमतेम ९ किलोबाइट उरतात. चिप तीच, कागद तोच आणि तीन आकडे, तेही अजून फाइलसिस्टम मध्ये आलेली नसताना. नव्या बोर्डावरची मोजणी यांतल्या पहिल्या आकड्याजवळ जाते, कारण कारखान्यातून आलेली चिप पुसलेलीच असते.

नँडचा हिशेब वेगळा आहे आणि तो मुद्दाम शेजारी ठेवून पाहावा. २ किलोबाइटचे पेज आणि ६४ पेजांचा १२८ किलोबाइटचा ब्लॉक असलेल्या जुन्या धाटणीच्या एसएलसी नँडमध्ये पेज लिहायला साधारण २५० मायक्रोसेकंद आणि ब्लॉक पुसायला सुमारे २ मिलिसेकंद धरा. पूर्ण ब्लॉक लिहायला १६ मिलिसेकंद लागतात, त्यात पुसण्याचे दोन मिळवले तरी वेग जेमतेम एक-नवमांशाने घटतो. यावरून कोणी म्हणेल की नँडवर रिकामी आणि वापरलेली फ्लॅश यांत फारसा फरक नसावा. पण फरक पडतो, आणि पुष्कळ पडतो. त्याचे कारण मात्र पुसण्यात नसून हलवाहलवीत आहे.

ही हलवाहलव समजायला १९९१ साली जावे लागते. मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कली विद्यापीठात स्प्राइट या प्रणालीसाठी लॉग पद्धतीची फाइलसिस्टम मांडली, तीही हार्ड डिस्कसाठी. जुन्या जागी काही बदलायचे नाही, नवे ते नेहमी लॉगच्या शेवटी लिहायचे आणि मागे राहिलेली मृत माहिती सवडीने साफ करायची, ही तिची कल्पना. फ्लॅशवर जागच्या जागी बदल करताच येत नाही, म्हणून हीच कल्पना तिथे स्वाभाविकपणे रुजली. स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्सने १९९९ मध्ये जेएफएफएस आणली, २००१ मध्ये रेड हॅटच्या डेव्हिड वुडहाउस यांनी जेएफएफएस-२ लिहिली, आणि नोकियाने हंगेरीतील सेगेड विद्यापीठाच्या साथीने केलेली यूबीआयएफएस २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ मध्ये आली. या सगळ्यांपुढे प्रश्न एकच असतो : लॉग फ्लॅशच्या टोकाला पोचला की रिकामा ब्लॉक आणायचा कुठून? एखादा वापरलेला ब्लॉक निवडायचा, त्यातली जिवंत माहिती दुसरीकडे लिहायची आणि मग तो पुसायचा. निवडलेल्या ब्लॉकमध्ये ८० टक्के माहिती जिवंत असेल, तर मोकळी जागा हाती लागते फक्त २० टक्के. म्हणजे तुमचा एक बाइट लिहायला चिपवर पाच बाइट लिहिले जातात. ९० टक्के जिवंत असेल तर दहा. वरच्या नॉर चिपचे ७१ किलोबाइट पाचाने भागा, १४ उरतात. चांगली फाइलसिस्टम कमी जिवंत माहितीचे ब्लॉक हेरून निवडते, त्यामुळे प्रत्यक्ष दर एवढा वाईट नसतो. पण रिकाम्या फ्लॅशवर हा दर एकास एक असतो, कारण साफ करायला काही नसतेच. गार्बेज कलेक्शन हे या फाइलसिस्टमचे सर्वांत महाग काम, आणि रिकाम्या फ्लॅशवरच्या मोजणीत नेमके तेच मोजले जात नाही.

मोजणीत आणखी दोन गोष्टी हमखास फसवतात. त्या सर्वपरिचित आहेत, म्हणून थोडक्यात. पहिली कॅशे. यूबीआयएफएस लिहिलेले आधी रॅममध्ये ठेवते आणि मागाहून फ्लॅशवर उतरवते, तर जेएफएफएस-२ लगेच उतरवते. त्यामुळे एफसिंक न करता दोघींना एकाच डीडी आज्ञेने मोजले तर एकीची रॅम आणि दुसरीची फ्लॅश मोजली जाते, आणि तीच तुलना म्हणून छापली जाते. वाचनाच्या बाजूला हीच चूक उलट होते : नुकतीच लिहिलेली फाइल लगेच वाचली तर ती पेज कॅशेतून येते. कॅशे रिकामी करून किंवा अनमाउंट करून पुन्हा माउंट केल्यावरच वाचावे. दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन. या दोन्ही फाइलसिस्टम माहिती दाबून लिहितात. डेव्ह-झीरोमधून आलेली शून्ये दाबल्यावर जवळपास काहीच उरत नाही, आणि मग चिपला शक्यच नसलेला वेग पडद्यावर दिसतो. यादृच्छिक बाइट आधीच एका फाइलमध्ये तयार करून ठेवावेत. मोजतानाच तयार केले तर प्रोसेसरचा वेळही हिशेबात शिरतो. त्याहून उत्तम म्हणजे उपकरण प्रत्यक्षात जे लिहिणार आहे तेच वापरावे, कारण मजकुराचे लॉग छान दाबले जातात आणि जेपेग चित्रे मुळीच नाहीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वजनदार आहे : दोन फाइलसिस्टमची तुलनाच करायची असेल आणि दोन्ही रिकाम्या फ्लॅशवर मोजल्या, तर परिस्थिती दोघींना समान झाली, मग अन्याय कुठे? अन्याय आहे, कारण दोघी आपला खर्च वेगवेगळ्या वेळी चुकवतात. जेएफएफएस-२ फ्लॅशवर निर्देशसूची ठेवत नाही. माउंट करताना फ्लॅश चाळून ती रॅममध्ये उभी करते. तिचा हा खर्च फ्लॅशच्या आकाराबरोबर वाढतो आणि लेखनवेगाच्या चाचणीत कधीच दिसत नाही. यूबीआयएफएस सूची फ्लॅशवरच ठेवते, पण प्रत्येक बदलासोबत ती न बदलता नोंदी आधी जर्नलमध्ये लिहिते आणि जर्नल भरत आले की एकदम कमिट करते. चाचणी छोटी असेल, तर जर्नल भरण्याआधीच संपते आणि सूची लिहिण्याचा खर्च निकालात येत नाही. सुरुवात समान असली तरी दोघींची बिले कोणत्या दिवशी येतात ते समान नाही. रिकाम्या फ्लॅशवर पुढे दिसणारी फाइलसिस्टम भरलेल्या फ्लॅशवरही पुढेच राहील, याची कसलीही हमी त्यामुळे मिळत नाही.

दुसरा आक्षेप : वापरलेली फ्लॅश प्रत्येकाची निराळी, मग तिच्यावरची मोजणी दुसऱ्याला पडताळता कशी येणार? ही अडचण एसएसडी बनवणाऱ्यांनाही आली होती, आणि एसएनआयए या संघटनेच्या चाचणी-मानकात तिचे उत्तर सापडते. आधी एकूण क्षमतेच्या दुप्पट माहिती लिहायची. मग फेऱ्या घेत राहायचे, आणि सलग पाच फेऱ्यांमधील कमाल-किमान फरक सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत आणि चढ-उताराचा कल १० टक्क्यांच्या आत आला की वेग स्थिरावला असे मानायचे. आपल्या छोट्या फ्लॅशवर हे सहज करता येते. पार्टिशन ८० टक्के भरा, ठरावीक बीजाचा यादृच्छिक क्रम वापरून त्याच फाइलींच्या मधल्या भागांवर पुन्हा पुन्हा लिहा, दुप्पट क्षमता लिहून झाली की मोजायला लागा. बीज तेच ठेवले तर क्रमही तोच येतो, म्हणजे दुसऱ्याला तेच ‘जुनेपण’ पुन्हा घडवता येते. याने चिप झिजते असे कोणी म्हणेल, तर हिशेब करून पाहावा : दुप्पट लेखन, त्यावर पाचपट हलवाहलव धरली तरी सरासरीने प्रत्येक ब्लॉक दहा वेळा पुसला जातो. वर घेतलेल्या नॉर चिपची सहनशक्ती एक लाख वेळांची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो : आमचे उपकरण मिनिटाला दोन-चार किलोबाइटच लिहिते, वेगाशी आम्हाला काय देणेघेणे? सरासरीशी नसेल, पण सर्वांत लांब थांब्याशी नक्की आहे. ईएसपी-३२ वर वापरल्या जाणाऱ्या स्पिफ्सबद्दल एस्प्रेसिफच्या दस्तऐवजांतच लिहिले आहे की पार्टिशनची साधारण ७५ टक्के जागाच भरवशाने वापरता येते, आणि जागा संपत आली की एकेका लेखनाला कित्येक सेकंद लागू शकतात. लिटलएफएस मोकळे ब्लॉक हुडकण्यासाठी एक छोटा नकाशा रॅममध्ये ठेवते. तो संपला की नव्यासाठी सगळी फाइलसिस्टम चाळते, आणि नेमक्या त्या वेळी आलेले लेखन थांबून राहते. जेएफएफएस-२ झीज सारखी वाटली जावी म्हणून साफसफाईच्या शंभर वेळांतून एकदा पूर्ण जिवंत ब्लॉकही मुद्दाम उचलते, म्हणजे मोबदल्यात जागा न मिळता आख्खा ब्लॉक हलतो. सेन्सर दर १०० मिलिसेकंदांना नोंद देत असेल आणि लेखन दोन सेकंद अडले, तर वीस नोंदी ठेवायला रॅममध्ये जागा हवी. ती किती हवी हे सरासरी वेग कधीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक लेखनाला लागलेला वेळ वेगळा टिपावा आणि सर्वांत मोठा आकडा सरासरीच्या शेजारी लिहावा.

नव्या फाइलसिस्टमवर दिसलेले वर्तन वापरलेल्या फाइलसिस्टमला लागू होत नाही, याचा सर्वांत महागडा धडा मंगळावर मिळाला. नासाचा स्पिरिट रोव्हर २००४ च्या जानेवारीत तिथे उतरला आणि २१ जानेवारीला, त्याच्या अठराव्या मंगळदिवशी, पृथ्वीशी त्याचा नीट संवाद तुटला. त्याच्या २५६ मेगाबाइट फ्लॅशवर डॉस पद्धतीची फाइलसिस्टम होती. प्रवासात आणि उतरल्यावर फाइली साठत गेल्या. त्या पद्धतीत फाइल पुसली तरी डिरेक्टरीचा आकार कमी होत नाही, आणि ती डिरेक्टरी माउंट करताना रॅममध्ये उतरवली जात होती. एके दिवशी रॅम पुरली नाही, संगणक पुन्हा सुरू झाला, सुरू होताना त्याने तीच फाइलसिस्टम माउंट केली आणि चक्र चालू राहिले. अभियंत्यांनी त्याला फ्लॅश न वापरता सुरू केले, जुन्या फाइली काढल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. त्यानंतर त्याने कित्येक वर्षे काम केले. चिप धडधाकट होती आणि फाइलसिस्टम तिच्या नियमाप्रमाणेच वागत होती. फक्त साठत गेलेल्या फाइलींचा भार आधीच्या चाचण्यांत पुरेसा उतरला नव्हता.

वाचनाबद्दल दोनच वाक्ये पुरेत. वाचताना पुसणे नाही आणि हलवाहलवही नाही, त्यामुळे जुनेपणाचा परिणाम कमी असतो. विस्कळीत झालेली फाइल तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते आणि दाबलेली माहिती उलगडावी लागते, एवढाच. म्हणून वाचनाचा आकडा चिपच्या कच्च्या वेगाशी ताडून पाहावा. लिनक्सवर तो वेग एमटीडी-स्पीडटेस्ट देते, मात्र ती पार्टिशनवरचे सगळे पुसते हे ध्यानात ठेवूनच चालवावी.

प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना आणि आपल्या उपकरणाचा वेग मोजणाऱ्या सर्वांनाच माझी विनंती आहे की निकालाच्या तक्त्यात आकड्यापुढे पाच रकाने ठेवावेत : पार्टिशन किती टक्के भरलेले होते, मोजणीआधी त्यावर एकूण किती लिहिले गेले, माहिती कोणत्या प्रकारची होती, एफसिंक केले होते का, आणि सर्वांत संथ लेखनाला किती वेळ लागला. हे पाच रकाने भरलेले असले की महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे परस्परविरोधी वाटणार नाहीत. त्यांच्यातला फरक कशामुळे पडला, ते तक्त्यातच वाचता येईल.