एकाच छत्रीवर जुना आणि नवा बॉक्स चालेल?

चोपडे (पेडणे) : हॉलमध्ये नवा फ्री डिश बॉक्स आला की जुना आतल्या खोलीत जातो. स्वतःच्या पैशांचा, महिन्याचं भाडं नाही, मग टाकायचा कशाला? पण लगेच तक्रार सुरू होते, हॉलात दिसणारे काही चॅनल आत का नाहीत? बॉक्स बिघडलेला नसतो. 2004 साली सुरू झालेल्या या सेवेचे जुने बॉक्स फक्त एमपेग-2 वाचतात, नवे एमपेग-4 सुद्धा. स्कॅन कितीही करा, फरक पडायचा नाही.

खरी गोची वायरीची. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट देऊन उभा सिग्नल हवा की आडवा ते सांगतो. एकाच वायरीला साधा स्प्लिटर लावून दोघांना जोडलं की 18 वाल्याचं चालतं, 13 वाल्याचं चित्र गायब. म्हणून दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा, प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर. छत्री तीच चालते.

तरीही दोन्ही टीव्ही अडखळत असतील तर वर बघा. जीसॅट-15 उपग्रह चोपड्यातून नदीपलीकडे, आग्नेयेला, साधारण 60 अंश उंचीवर येतो. त्या बाजूचा माड वाढलेला असू शकतो.