बादलीत काय घालू?

गेल्या डिसेंबरात ताईचा फोन आला. "अगं, तू त्वचेवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात काय घालू?" माझा भाचा तेव्हा दोन वर्षांचा होता. कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या खळग्यांत त्याला एक्झिमा आहे. थंडीत तो वाढतो आणि पोरगं रात्र रात्र खाजवत बसतं. सासूबाई म्हणत होत्या कडुनिंब, शेजारच्या काकू म्हणत होत्या लिंबू, आणि मोबाइलवरचा कुठलासा व्हिडिओ म्हणत होता ओट्स. आपण चुकीचं काहीतरी घालतोय म्हणूनच हे होतंय, असं ताईच्या मनानं घेतलं होतं.

तुमच्याही घरी हा प्रश्न पडला असेल, म्हणून जरा नीट सांगते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर शरीराच्या बहुतेक भागावर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. मृत पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामधला गिलावा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा. हा गिलावा आतलं पाणी आत धरून ठेवतो. एक्झिमात ही भिंत मुळातच गळकी असते. त्यात कढत पाणी आणि साबण आला की गिलावा आणखी सुटतो. त्वचेचा सामू साधारण 5 असतो, साबणाच्या वडीचा 9 ते 10. आंघोळ झाल्यावर अंग ओढल्यासारखं होतं ना, ते यामुळेच.

आता एकेक पदार्थ बघू.

डाळीचं पीठ किंवा उटणं तेलकटपणा आणि मळ शोषून घेतं. धडधाकट त्वचेसाठी छान, कारण त्या दिवशी साबण जवळपास लागतच नाही. पण फुटलेल्या, लाल त्वचेवर ते चोळू नका. एक तर घासलं जातं, आणि दुसरं म्हणजे अन्नातली प्रथिनं अशा त्वचेतून आत शिरली तर ॲलर्जी जडू शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला एक साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली होती.

लिंबू तर नकोच. त्याचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे चरचरणार. शिवाय आपल्या कागदी लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर राहिली आणि वर ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

ओट्समध्ये खाज शमवणारी ॲव्हेनँथ्रामाइड नावाची द्रव्यं आहेत. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2003 मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. मात्र पीठ इतकं बारीक हवं की पाणी दुधाळ दिसेल. आणि प्रथिनांची काळजी इथेही लागू आहे, म्हणून त्वचा फुटलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग मुळात पाण्यात काही घालून एक्झिमा कमी होतो का? ब्रिटनमध्ये 482 मुलांवर याची चाचणी झाली, निकाल 2018 मध्ये आला. सगळ्या मुलांना अंगाला लावायचं मलम आणि नेहमीचे उपचार चालूच होते. निम्म्यांच्या पाण्यात वर्षभर औषधी तेलकट द्रव घालायला सांगितलं, निम्म्यांना नाही. म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. पाण्यात मिसळलेलं तेल बहुतेक मोरीतच जातं, त्वचेवर राहतं किती?

म्हणून ताईला मी सांगितलं, बादलीचं सोड, टॉवेलनंतरचं बघ. पाणी कोमट. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. साबण काखेत, जांघेत, तोही सौम्य. टॉवेल टिपायचा, घासायचा नाही. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम किंवा खोबरेल लावायचं. फिलिपिन्समध्ये 117 मुलांवरच्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं होतं. ऑलिव्ह तेल मात्र टाळा, त्यातलं ओलिक आम्ल गिलावा सैल करतं. आणि त्वचा ओली होऊन पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती काही न करता थेट डॉक्टर.

कडुनिंबावरून सासूबाईंशी भांडू नकोस, हेही सांगितलं. त्वचा फुटलेली नसताना चार पानं पाण्यात पडली तर बिघडत नाही. मलम चुकवायचं नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट ताईसाठी. झोपेच्या एक-दोन तास आधी 40 ते 42 अंश पाण्यात दहा मिनिटं आंघोळ केली किंवा नुसते पाय बुडवले तरी झोप लवकर लागते, असं 2019 मधल्या एका आढाव्यात दिसलं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उष्णता बाहेर पडते, शरीर आतून गार होतं, आणि तीच झोपेची खूण. त्या पाण्यात काहीही घालायची गरज नाही. (मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असेल तर हे करू नका, भाजलेलं कळत नाही.)

भाच्याचा एक्झिमा गेलेला नाही, तो असा जातही नाही. डॉक्टरांचं मलम चालू आहे. पण यंदाच्या थंडीत तो बऱ्याच रात्री सलग झोपला. आणि तो झोपला की ताई पाय बादलीत सोडून मला फोन करते.