अरुंधतीचे केश

आज वटपौर्णिमा. घरोघरच्या सुवासिनी वडाला सूत गुंडाळून पतीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करतील. पतीसाठीच केलेल्या एका नवसाची खूण आकाशातही आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल? मराठीत त्या तारकासमूहास 'अरुंधती केश' म्हणतात. वसिष्ठाशेजारची अरुंधती ती निराळी. पाश्चात्त्य नकाशांत याचे नाव 'बेरेनिसचे केश' असे आहे.

बेरेनिस ही इजिप्तची राणी. इ. स. पू. २४६ मध्ये तिचा पती, राजा तिसरा टॉलेमी, सीरियाच्या युद्धावर निघाला. तो सुखरूप परतल्यास आपला केशसंभार देवीस वाहीन, असा नवस तिने केला. राजा परतला, राणीने शब्द पाळला. प्रयागास वेणीदान करणाऱ्या आपल्या माता-भगिनींस या अर्पणाचे मोल सांगावयास नकोच.

कथा अशी, की ते केश मंदिरातून एकाएकी नाहीसे झाले. नवस देवीस पावला नाही की काय, या शंकेने सारे व्याकुळ झाले. तेव्हा दरबारचा ज्योतिर्विद कोनॉन याने मंद तारकांच्या एका पुंजक्याकडे बोट दाखविले. देवीने अर्पण स्वीकारून तेथे ठेविले आहे, असे तो म्हणाला. कवी कॅलिमाकसने त्यावर काव्य रचिले.

आकाशात स्थान लाभले, तरी ग्रंथांत ते लाभावयास सुमारे अठरा शतके लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, राजाचेच नाव धारण करणाऱ्या ज्योतिर्विद टॉलेमीने ४८ तारकासमूह सांगितले; त्यांत हा नव्हता. या तारका त्याने सिंहाच्या आकृतीबाहेरच्या म्हणून नोंदविल्या. पुढे १५३६ मध्ये फोपेलने आणि १५५१ मध्ये मर्केटरने आपापल्या खगोलगोलांवर हे केश स्वतंत्र रेखाटले. १६०२ मध्ये छापलेल्या टायको ब्राहेच्या तारकासूचीने त्यावर मोहोर उमटविली. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मान्य केलेल्या ८८ समूहांत त्याचे स्थान कायमचे निश्चित झाले.

तोवर हा नवस जिवंत राहिला तो लोकांच्या स्मरणात आणि काव्यात. सावित्रीची कथाही आपल्या घरांत अशीच मुखोमुखी टिकली नाही काय?

आज चंद्रप्रकाशात या मंद तारका लोपतील. वद्य पक्षातील निरभ्र रात्री, अंधार पडताच, माथ्याकडे पाहावे. स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी यांच्या दरम्यान, किंचित उत्तरेस, तारकांचा विरळ झुबका दिसेल. घरातील मुलांस तो दाखवावा आणि ही कथा अवश्य सांगावी.