कॅन्सर कमी की नोंद कमी?

देशात सर्वांत कमी कॅन्सर कोणत्या भागात आहे, असा प्रश्न विचारला तर त्याचे सरकारी उत्तर ऐकून मराठवाड्यातील वाचक चकित होतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात २०१२ ते २०१६ या काळातील २८ नोंदणी केंद्रांची आकडेवारी आहे. या २८ केंद्रांत सर्वांत खालचा दर आहे उस्मानाबाद (म्हणजे २०२३ पासूनचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचा. वर्षाला दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे रुग्ण. मुंबईचा दर याच्या दुपटीहून अधिक आहे. मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात तर पुरुषांचा दर २६९.४ आहे.

या आकड्यांवरून बीड-उस्मानाबादची हवा शुद्ध, अन्न शुद्ध, म्हणून तिथे कॅन्सर नाही, असे म्हणणारे लोक निघतील. कॅन्सर हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग आहे हा समज आपल्या समाजातही घट्ट आहे. उद्या एखादा अधिकारी हाच आकडा पुढे करून म्हणेल की, तुमच्याकडे रुग्णच नाहीत, तर तपासणी केंद्र कशाला हवे? म्हणूनच हा आकडा नीट वाचायला शिकणे हे डॉक्टरांचे नव्हे, तर आपले काम आहे.

आपल्या वाचकांना एक उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या तालुक्यात अॅट्रॉसिटी कायद्याखाली वर्षभरात एकही गुन्हा नोंदला गेला नाही, तर त्या तालुक्यात अत्याचार झालाच नाही असे आपण मानतो काय? मुळीच नाही. आपण विचारतो, फिर्याद घ्यायला ठाणेदार तयार होता काय? साक्षीला माणूस उभा राहिला काय? कॅन्सरचा दर हीसुद्धा एक नोंदच आहे. गाठ आलेली बाई दवाखान्यात गेली पाहिजे, डॉक्टरने तिला तपासणीला पाठवले पाहिजे, तुकडा काढून प्रयोगशाळेत गेला पाहिजे, अहवाल आला पाहिजे आणि तो नोंदणी केंद्रापर्यंत पोहोचला पाहिजे. यातली एक पायरी जरी तुटली, तरी सरकारच्या लेखी त्या बाईला कॅन्सर झालेलाच नसतो. ती मरते, आणि गावात सांगितले जाते की पोटाच्या दुखण्याने गेली.

खेडे आणि शहर यांतील हा फरक केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत राज्याची विभागणी काउंट्यांमध्ये केलेली असते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजावा. तिथल्या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेने जुलै २०१७ मध्ये शहरी आणि ग्रामीण काउंट्यांची तुलना प्रसिद्ध केली. नव्या रुग्णांचा दर मोठ्या शहरांच्या काउंट्यांत लाखामागे ४५७, तर ग्रामीण काउंट्यांत ४४२. म्हणजे खेड्यात किंचित कमीच. पण मृत्यूचा दर पाहा. शहरात लाखामागे १५८ आणि खेड्यात १८०! रोग कमी लोकांना आणि मरण जास्त लोकांना, हा काय न्याय झाला? मृत्यूचे प्रमाण शहरात वर्षाला १.६ टक्के वेगाने घटत होते, खेड्यात केवळ १ टक्का वेगाने.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. तंबाखूमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि वेळीच तपासणी केल्यास टाळता येणारे मोठ्या आतड्याचे व गर्भाशयमुखाचे कॅन्सर हे ग्रामीण काउंट्यांत जास्त होते. म्हणजे जो रोग टाळता येतो, तोच खेड्यातल्या गरिबाच्या वाट्याला अधिक येतो. त्यातही अलाबामा राज्याच्या ‘ब्लॅक बेल्ट’ या ग्रामीण पट्ट्यातील काळ्या स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने कशा मरतात, यावर ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१८ साली स्वतंत्र अहवाल काढला. दवाखाना दूर, विमा नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. वर्णन अमेरिकेचे आहे, पण वाचताना आपलाच तालुका डोळ्यांसमोर येतो.

मात्र अमेरिकेला हे कळले कशामुळे? कायद्यामुळे. तिथल्या संसदेने १९९२ साली कॅन्सर नोंदणीचा कायदा करून राज्यांना नोंदणीसाठी पैसा दिला. निदान झालेला रुग्ण कळवणे हे तिथल्या रुग्णालयांवर कायदेशीर बंधन आहे. नोंदीत वंशाचा रकाना असतो. म्हणून काळ्या स्त्रीचा मृत्यू गोऱ्या स्त्रीच्या मृत्यूशी ताडून पाहता येतो आणि अन्याय आकड्यात सिद्ध करता येतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. देशातील पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि खेड्याची पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके त्यात घेतले गेले. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत न बसता बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली, संशयितांना तपासणीसाठी आणले. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, खेड्यातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आघाडीवर आहे. दुसरी, गावात जाऊन नुसती माहिती दिली तरी बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागतात. बाई अडाणी आहे म्हणून येत नाही, हे रडगाणे बार्शीने खोटे पाडले.

इथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, शहर आणि खेडे यांतील सारा फरक नोंद चुकल्यामुळेच पडतो असे नाही. शहरात लग्ने उशिरा होतात, मुले कमी होतात, बैठे काम असते, आयुष्यमान जास्त असते. त्यामुळे स्तनाचा कॅन्सर शहरात खरोखरच अधिक आहे. वयाचा फरक काढून टाकूनच हे दर मांडलेले असतात. तेव्हा उस्मानाबाद-बीडचा दर काही अंशी खराही असेल. परंतु खरा किती आणि नोंदीअभावी किती, हे ठरवण्याची सोय झाल्याशिवाय ‘इथे कॅन्सर कमी आहे’ हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि याच उस्मानाबादच्या खेड्यांनी जगाला काय शिकवले ते पाहा. टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तिथे एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, चार प्रकार. तीन प्रकारांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात तपासणी नाही, फक्त माहिती. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात फक्त एक चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कॅन्सरने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ दगावल्या. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले!

चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देणे नैतिक होते काय, यावर पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत बराच वाद झाला. बचाव असा होता की, भारतात ‘प्रचलित सेवा’ म्हणजे तपासणी नसणे हीच आहे. वकील म्हणून मला हा बचाव फार बोलका वाटतो. गरीब बाईसाठी प्रचलित सेवा म्हणजे शून्य, हे त्यांनी कबूलच केले. आणि ते खोटे नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी झाली, त्यांचे देशातील प्रमाण होते १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. ज्या मातीतल्या बायकांनी जगाला उत्तर दिले, त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ते उत्तर निकालानंतर दहा वर्षांनीही पोहोचले नव्हते.

आता बीडकडे वळू. नोंदीप्रमाणे देशात सर्वांत कमी कॅन्सर असलेल्या या भागात कॅन्सरची भीती मात्र उदंड आहे, आणि त्या भीतीचा धंदा झाला. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायका अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून खासगी डॉक्टरकडे जातात. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगून अनेकींचे गर्भाशय काढले गेले. २०१९ साली हे प्रकरण गाजले, तेव्हा शासनाच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्याआधीच्या राष्ट्रीय पाहणीत (२०१५-१६) देशाचे प्रमाण होते ३.२ टक्के. कोयत्यावर खाडा पडला की मुकादम दंड कापतो, उचल फिटत नाही, म्हणून पाळीचे दिवसही नकोसे झालेली बाई शस्त्रक्रियेला लवकर तयार होते. या बायका कोण? भूमिहीन बौद्ध, मातंग, वंजारी, भटक्या-विमुक्त आणि गरीब मराठा घरांतल्या. साधी तपासणी करून यातल्या बहुतेकींना ‘तुला कॅन्सर नाही’ एवढे सांगता आले असते. तपासणी नव्हती म्हणून भीती होती, आणि भीती होती म्हणून चाकू चालला.

याचा दरावरही परिणाम होतो. गर्भाशयमुखासह पिशवी काढलेल्या स्त्रीला तो कॅन्सर होऊच शकत नाही, पण दर काढताना लोकसंख्येत ती मोजली जाते. भागणारी संख्या फुगते आणि दर खाली येतो. अमेरिकेत २०१७ साली संशोधकांनी अशा स्त्रिया वगळून हिशेब पुन्हा मांडला. तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूचा दर गोऱ्या स्त्रियांत लाखामागे ३.२ वरून ४.७ झाला आणि काळ्या स्त्रियांत ५.७ वरून थेट १०.१! हिशेब दुरुस्त केल्याबरोबर अन्याय जवळपास दुप्पट दिसू लागला. बीडचा हिशेब असा दुरुस्त करून मांडणार कोण? शिवाय जी बाई वर्षातले पाच-सहा महिने फडावर कोपीत राहते, तिच्या गावी गेलेल्या नोंदणी कार्यकर्त्याला ती भेटणार कधी?

आणि जात? नोंदणीच्या अहवालांत वय, लिंग, अवयव यांप्रमाणे दर छापले जातात, जातीप्रमाणे नाही. अनुसूचित जाती-जमातींची जिल्हावार लोकसंख्या प्रत्येक जनगणनेत मोजली जाते. म्हणजे भागणारी संख्या सरकारकडे होतीच, फक्त रुग्णाच्या बाजूने प्रश्न विचारला गेला नाही. २०२५ साली केंद्राने पुढच्या जनगणनेत सर्वच जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे तर सबबच उरली नाही. बाबासाहेबांनी १९३२ साली लोथियन समितीचे सदस्य म्हणून अशाच एका मोजणीची लढाई लढली होती. काही प्रांतांतले सवर्ण पुढारी ‘आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच’ असे सांगत होते. कारण उघड होते. संख्या नाही तर हक्क नाही! पुढे १९४८ साली घटना समितीत त्यांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. जिल्ह्याच्या सरासरी दराखाली व्यक्ती गाडली जाते, तेव्हा हे सूत्र आठवले पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते. वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या प्रकरणात सांगितले. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचे आदेश त्याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने कॅन्सरची नोंद बंधनकारक करण्याची शिफारस केली. काही राज्यांनी ते आधीच केले आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सरकारी-खासगी प्रत्येक दवाखान्याला कॅन्सरची नोंद कायद्याने सक्तीची करा. नव्या रुग्णांच्या दराशेजारी मृत्यूचा दर आणि निदानाच्या वेळचा टप्पा छापा. जातनिहाय व व्यवसायनिहाय आकडे प्रसिद्ध करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्हीची चाचणी मोफत द्या, आणि ऊसतोड कामगारांची चाचणी टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी उरका.

कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीपूर्वी एवढेच करावे. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत ‘पोटाच्या दुखण्याने’ किंवा ‘गाठीने’ गेलेल्या माणसांची आणि पिशवी काढलेल्या बायकांची यादी करावी. मग माहितीच्या अधिकारात तालुक्याची नोंद मागवावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. जी नावे आपल्या यादीत आहेत आणि सरकारच्या नोंदीत नाहीत, तिथून आपल्या लढ्याची सुरुवात होते.