पावसाळ्यातल्या सकाळच्या शिंका

सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ लागते आणि दुपारपर्यंत नाक मोकळं होतं. असं रोज होत असेल, तर संशय गादीवर घ्यावा. गादी-उशीत धूळकिडे असतात. जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे, सहसा नजरेला न दिसणारे. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं अन्न. अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची होते. त्यांना पाणी हवेतल्या ओलाव्यातून मिळतं, म्हणून कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते फोफावतात. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. गोधडी नुसती झटकू नका, त्याने धूळ उडून थेट नाकात जाते. तीही धुऊन कडक उन्हात वाळवा.

व्यायामाने अ‍ॅलर्जी मुळापासून जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भरभर चालताना नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक तेवढ्यापुरतं मोकळं होतं. नियमित व्यायामाने दमसासही वाढतो. नाक धुण्यासाठी जलनेती करायची तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

छातीत घरघर होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि चालू असलेला इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका.