पर्यटन व्हिसा : तिकिटाआधी कागद पाहा

कसाल - मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो, ते हे गाव. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून येथे चर्चा होते ती बाहेरून येणाऱ्या पर्यटकांची. मात्र आता येथील कुटुंबेही परदेशी निघू लागली आहेत. कोणाला लेकीकडे लंडनला जायचे असते, तर कोणाला युरोपची सहल करायची असते. त्यांची पहिली चूक बहुधा एकच असते. स्वस्त मिळाले म्हणून विमानाचे तिकीट आधी काढले जाते आणि व्हिसाचा विचार मागाहून होतो.

व्हिसा हा हक्क नव्हे, ती त्या देशाची परवानगी असते. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मुख्य प्रश्न दोनच असतात: हा माणूस स्वतःच्या खर्चाने फिरू शकेल काय, आणि मुदत संपण्यापूर्वी परत येईल काय?

कोकणातील अर्जदाराची अडचण नेमकी येथेच होते. आंबा-काजूचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, त्यांतील बरेच रोखीने. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रही भरलेले नसते. मग अर्जाच्या आठ दिवस आधी कोणा नातेवाइकाकडून दोन-तीन लाख रुपये खात्यावर जमा केले जातात. अधिकाऱ्याच्या नजरेत हीच रक्कम प्रथम भरते आणि संशय वाढतो. त्यापेक्षा बागेच्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात, पैसे बँकेमार्फत घ्यावेत आणि कर लागत नसला तरी शेतीचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरावे. सातबारा जोडायचा असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर हवे. शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट यांवरील नावांत फरक असल्यास तोही आधीच दुरुस्त करून घ्यावा. हे काम महिन्याभरात उरकत नाही.

युरोपातील 29 देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. पॅरिसमध्ये तीन रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये पाच रात्री राहणार असाल, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान 15 दिवस आधी तो दाखल व्हावयास हवा. उन्हाळी सुटीत मात्र भेटीची वेळच लवकर मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी उरलेली असावी. अन्य अनेक देश प्रवेशासाठी सहा महिन्यांची अट घालतात. जून 2024 मध्ये प्रौढांचे शुल्क 80 वरून 90 युरो झाले. अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही.

बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावे लागते. पणजी कसालहून जवळ असली, तरी प्रत्येक देशाचे केंद्र तेथे असेलच असे नाही. तसे नसेल तर रात्रीची कोकणकन्या गाठून मुंबई! अमेरिकेसाठी अर्जानंतर मुलाखतही असते. मुंबईतील वकिलात 2011 पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेथे अर्जदार स्थलांतर करण्यासाठीच निघाला आहे, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे काही मिनिटांत त्यालाच पटवून द्यावे लागते. फाइल कितीही जाड असली, तरी सरळ आणि खरे उत्तर अधिक उपयोगी पडते.

‘शंभर टक्के व्हिसा’ असे सांगणाऱ्या दलालापासून दूरच राहावे. निर्णय त्याच्या हाती नसतोच. खोटा कागद सापडल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी घालू शकते. अमेरिकेत तर ती कायमचीही ठरू शकते.

याहून गंभीर प्रकार नोकरीच्या आमिषाचा आहे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून देऊ,’ असे सांगून तरुणांना आखातात पाठवले जाते. पर्यटन व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पगार थकला वा पासपोर्ट काढून घेतला, तर तक्रार करणाराच अडचणीत येतो. पैसे देण्यापूर्वी एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते.